बॉनमधली चौदावी चाल

१७ ऑक्टोबर २००८. जर्मनीतल्या बॉन शहरात, तिथल्या राष्ट्रीय कलादालनाच्या मंचावर जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदाच्या लढतीतला तिसरा डाव सुरू होता. पांढरी मोहरी व्लादिमीर क्रॅमनिककडे, काळी विश्वनाथन आनंदकडे. पहिल्या तेरा चालींत जगावेगळं काही घडलं नव्हतं. दोघांनाही तोंडपाठ असलेली वाट दोघं भराभर चालत आले होते. चौदाव्या चालीला आनंदने आपला उंट उचलला आणि बी७ या घरात ठेवला.

या जागी रुळलेली चाल वेगळी होती. उंट ए६ वर न्यायचा आणि बी५ वरचं प्यादं राखायचं, हे पुस्तकी शहाणपण. आनंदने ते प्यादं उघड्यावर सोडलं. क्रॅमनिक विचारात पडला, आणि त्याच्या घड्याळाचा काटा त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या विरुद्ध धावू लागला.

प्यादं घ्यावं की नाही, एवढाच प्रश्न असता तर क्रॅमनिकसारख्या खेळाडूला त्याची भीती नव्हती. त्याला छळणारा प्रश्न दुसराच होता: समोरच्याने ही चाल आत्ता शोधली आहे की कित्येक आठवड्यांपूर्वी?

बुद्धिबळाच्या डावाची सुरुवात, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ओपनिंग, बाहेरून पाहणाऱ्याला पाठांतराचा भाग वाटते. तसं वाटण्याला कारणही आहे. पहिल्या चालीला प्रत्येकाला २० पर्याय असतात. दोघांची एकेक चाल झाली की पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती उद्भवू शकतात आणि त्यानंतर हा पसारा कोणाच्याही हिशेबाबाहेर जातो. त्यातल्या उपयोगी वाटा निवडून, तपासून, नावं देऊन गेल्या काही शतकांत जे शास्त्र उभं राहिलं, ते पाठ असल्याशिवाय वरच्या पातळीवर कोणी टिकत नाही. पण पाठांतर सगळ्यांचंच असतं. विश्वविजेतेपदाच्या लढतीत खरी झुंज असते ती डाव कोणत्या जमिनीवर खेळला जाणार याची.

हे क्रॅमनिकइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी, २००० साली, लंडनमध्ये त्याने गॅरी कास्पारॉव्हचं जगज्जेतेपद हिरावून घेतलं होतं, तेही एकही डाव न हरता. कास्पारॉव्हचं पांढऱ्या मोहऱ्यांचं मोठं शस्त्र म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकलून सुरू होणारा आक्रमक खेळ. त्याला उत्तर म्हणून क्रॅमनिकने स्पॅनिश ओपनिंगमधला ‘बर्लिन बचाव’ बाहेर काढला. एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेला, पण आघाडीच्या खेळाडूंनी अडगळीत टाकलेला हा प्रकार. त्यात आठव्या चालीलाच दोन्ही वजीर पटावरून जातात. काळ्याचा राजा मध्यभागी अडकतो, त्याला हत्तीच्या आड सुरक्षित नेणारं कॅसलिंग करता येत नाही, एका स्तंभात त्याची दोन प्यादी एकामागे एक उभी राहतात. दिसायला हे सगळं कुरूप. पण वजीरच नसल्यामुळे त्या राजावर हल्ला कशाने करायचा? कास्पारॉव्हची सगळी ताकद गुंतागुंतीच्या, पेटलेल्या स्थितींत होती आणि त्याच्या समोर मात्र थंड, संथ, डाव संपत आल्यासारखा पट यायचा. त्या लढतीत बर्लिन चार वेळा खेळला गेला. कास्पारॉव्हला तो एकदाही फोडता आला नाही. पुढे लोक त्याला ‘बर्लिनची भिंत’ म्हणू लागले.

त्याच्याही आधी, १९९५ मध्ये, आनंदने अशा घरच्या तयारीची झळ स्वतः सोसली होती. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर कास्पारॉव्हशी त्याची लढत झाली. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले, नववा आनंदने जिंकला. दहाव्या डावात कास्पारॉव्हने ओपन स्पॅनिश या ओपनिंगमध्ये घरी शिजवलेली हत्तीच्या बलिदानाची कल्पना पटावर मांडली. तो जवळजवळ न थांबता चाली करत राहिला, आनंदला मात्र प्रत्येक चालीला घाम गाळावा लागला आणि डाव गेला. लगेच अकराव्या डावात कास्पारॉव्हने एरवी न खेळणारा सिसिलियन ड्रॅगन बाहेर काढला आणि तोही डाव जिंकला. लढत १०.५–७.५ अशी संपली. कास्पारॉव्हच्या त्या वेळच्या साहाय्यकांमध्ये विशीतला एक तरुण होता, त्याचं नाव व्लादिमीर क्रॅमनिक.

बॉनची लढत ठरली तेव्हा आनंद विश्वविजेता होता, पण तो किताब त्याने २००७ मध्ये मेक्सिको सिटीतल्या आठ जणांच्या स्पर्धेत मिळवलेला होता. समोरासमोरच्या लढतीतच जगज्जेता ठरावा, असं मानणारा मोठा वर्ग बुद्धिबळात आहे, आणि क्रॅमनिक हा अशा लढतींचा मुरलेला खेळाडू. कास्पारॉव्ह, पीटर लेको, व्हेसेलिन टोपालोव्ह या तिघांशी त्याने लढती खेळल्या आणि एकदाही किताब गमावला नाही. उलट बॉनच्या महिनाभर आधी बिल्बाओच्या स्पर्धेत आनंद एकही डाव न जिंकता शेवटच्या क्रमांकावर राहिला होता. हातात असलेलं काहीही तो त्या स्पर्धेत दाखवत नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

पडद्यामागे चार जण त्याच्यासोबत खपत होते: डेन्मार्कचा पीटर हाइने नील्सन, फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचा माजी विश्वविजेता, उझबेकिस्तानचा रुस्तम कासिमजानोव्ह, पोलंडचा राडोस्लाव्ह वोयताशेक आणि कोलकात्याचा सूर्यशेखर गांगुली. अशा साहाय्यकांना बुद्धिबळात ‘सेकंड’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव चाळायचे, तो कुठे अस्वस्थ होतो ते हेरायचं, एखादी कल्पना सापडली की संगणकावर आणि एकमेकांविरुद्ध खेळून ती तासून घ्यायची, हे त्यांचं काम. त्या वर्षी ‘रिब्का’ हा बुद्धिबळाचा प्रोग्राम सर्वांच्या पुढे होता आणि सगळ्याच संघांकडे असे प्रोग्राम होते. त्यामुळे संगणकाची पहिली पसंती असलेली चाल शोधून फारसा फायदा नव्हता, कारण ती समोरच्यानेही पाहिलेली असणार. उपयोगाची चाल ती, जिच्याकडे यंत्र सुरुवातीला दुर्लक्ष करतं आणि खोलात शिरल्यावर जिची किंमत कळते.

संघाने दोन निर्णय घेतले. पहिला पांढऱ्या मोहऱ्यांचा. आनंद आयुष्यभर प्रामुख्याने राजापुढच्या प्याद्याने डाव सुरू करत आला होता. बॉनमध्ये तो वजिरापुढच्या प्याद्याने सुरू करणार होता, म्हणजे बर्लिनची भिंत आणि तिच्यासाठी क्रॅमनिकने केलेली सगळी तयारी तशीच पडून राहणार होती. दुसऱ्या डावात आनंदने ते प्यादं ढकललं तेव्हा प्रेक्षकांतही कुजबूज झाली. दुसरा निर्णय काळ्या मोहऱ्यांचा, आणि तो अधिक धाडसी होता: क्रॅमनिकला मेरान प्रकारात ओढायचं.

मेरान हे आज इटलीत असलेल्या दक्षिण टायरॉलमधल्या एका आरोग्यस्थळाचं नाव. १९२४ साली तिथे झालेल्या स्पर्धेत आकिबा रुबिनस्टाइनने अर्न्स्ट ग्रुनफेल्डविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी ही मांडणी खेळून डाव जिंकला आणि गावाचं नाव ओपनिंगला चिकटलं. यातली मूळ कल्पना समजायला सोपी आहे. दोन्ही बाजू मध्यावर प्यादी रोवतात. पांढरा आपला उंट डी३ वर आणतो. नेमक्या त्याच वेळी काळा सी४ वरचं प्यादं मारतो. ते परत घ्यायला उंटाला पुन्हा हलावं लागतं. मग काळा बी प्यादं पुढे रेटून त्या उंटाला हुसकावतो, की तो आपला परत डी३ वर. पहिल्या आठ चालींतल्या तीन त्या एका उंटावर खर्च होतात आणि काळ्याला वजिराच्या बाजूला मोकळीक मिळते. मोबदल्यात पांढरा मध्यावर ई प्यादं पुढे काढतो आणि बघता बघता पट पेटतो. अकराव्या चालीला पांढरा घोडा बी५ वरच्या प्याद्यावर उडी घेतो, काळा तो घोडा मारतो, पांढऱ्याचं प्यादं काळ्याचा घोडा घेतं आणि काळा ते प्यादं जी स्तंभातल्या आपल्या प्याद्याने टिपतो. ही उलथापालथ संपते तेव्हा काळ्याच्या राजाभोवतीची प्यादी विस्कटलेली असतात, पण त्याच विस्कटण्यामुळे जी स्तंभ रिकामा होतो आणि तिथे हत्तीला थेट पांढऱ्या राजाकडे जाणारा रस्ता सापडतो.

क्रॅमनिक या सगळ्या प्रदेशाचा जाणकार होता. सेमी-स्लाव्ह बचाव, ज्याची मेरान ही एक शाखा, तो कारकिर्दीत दोन्ही बाजूंनी खेळला होता. तरी आनंदच्या संघाने तीच जागा निवडली, कारण इथे क्रॅमनिकचा सर्वांत मोठा गुण, शांत स्थितीत इंच इंच पुढे सरकण्याची चिकाटी, निरुपयोगी होता. दोन्ही राजे उघडे आणि दोन्ही बाजूंनी वार चालू. अशा पटावर तत्त्वं कामी येत नाहीत, मोजणी येते. आणि मोजणी एका बाजूने आधीच घरी करून ठेवली होती.

आता ती चौदावी चाल पुन्हा पाहता येईल. बी७ वरचा उंट लांब कर्णावर बसतो आणि थेट पांढऱ्या राजाच्या अंगणात डोकावतो. बी५ चं प्यादं गेलं तरी प्याद्यांचा हिशेब फक्त बरोबरीवर येतो, कारण तोवर काळा एका प्याद्याने पुढे असतो. त्या बदल्यात उंट कर्णावर, हत्ती जी स्तंभात, आणि दोघांचा नेम एकाच राजावर.

क्रॅमनिकने प्यादं घेतलं. घ्यायलाच हवं होतं. आनंदचा हत्ती जी८ वर आला, मग जी४ वर. अठराव्या ते विसाव्या चालीदरम्यान पटावर एकामागून एक मोहरी कापली गेली. क्रॅमनिकने उंट पुढे केला, तो आनंदने मारला. मग क्रॅमनिकने घोडा ई६ वर बळी दिला आणि त्याचा हत्ती काळ्याच्या छावणीत डी७ पर्यंत घुसला. चोविसाव्या चालीनंतर धूळ खाली बसली तेव्हा दोघांकडे वजीर, एकेक हत्ती आणि एकेक उंट होता, आणि क्रॅमनिककडे तब्बल दोन प्यादी जास्त होती. त्यातली ए आणि बी स्तंभातली दोन तर वजीर होण्याच्या वाटेवर मोकाट सुटलेली.

कागदावर पांढरा जिंकत होता. पण पटावर प्याद्यांना धावायला वेळ लागतो आणि पांढऱ्या राजापाशी तो नव्हता. आनंदने आपला राजा एच६ पर्यंत चालवत नेऊन सुरक्षित केला आणि रिकाम्या झालेल्या जी८ वर हत्ती आणला. उंटाने जी२ वरून शह दिला, मग तो एच३ वर बसला. हत्ती पहिल्या ओळीत घुसला, वजीर मध्यावर डी४ ला आला. पांढरा राजा जी१ वरून निघाला तो एफ१, ई१, डी२, सी२ असा पटाच्या दुसऱ्या टोकाकडे पळत सुटला.

पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकाला २ तास मिळतात. क्रॅमनिकचे त्यातले बरेचसे सुरुवातीच्या कोड्यात खर्ची पडले होते आणि आता हाताशी मिनिटंच उरली होती. आनंदचाही वेळ फार नव्हता. तेहतिसाव्या चालीला त्याच्याकडे विजयाचा याहून जवळचा रस्ता होता, तो त्याला घाईत दिसला नाही, हे नंतरच्या विश्लेषणात उघड झालं. घरची तयारी अशा ठिकाणी केव्हाच संपलेली असते. पण तयारीने जे द्यायचं ते दिलेलं होतं. दोघं चुकत होते आणि चुकीची किंमत पांढऱ्याला जास्त पडत होती. पस्तिसाव्या चालीला आनंदने वजीर टिपला. क्रॅमनिकचं ए स्तंभातलं प्यादं ए७ पर्यंत पोहोचलं, वजीर व्हायला एक घर कमी. एक्केचाळिसाव्या चालीला काळ्या उंटाने बी१ वरून शह दिला आणि क्रॅमनिकने हात पुढे केला. त्याचा राजा तेव्हा ए२ वर, म्हणजे संपूर्ण पट ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यात उभा होता.

एका डावाने लढत संपत नाही. खरा कस पुढच्या वेळी लागणार होता. चौथा डाव बरोबरीत सुटला. मधल्या दिवसांत क्रॅमनिकच्या संघाने ही नवी चाल तपासली असणार, हे उघड आहे. २० ऑक्टोबरच्या पाचव्या डावात पांढरी मोहरी पुन्हा त्याच्याकडे आली आणि त्याने पुन्हा तीच वाट धरली. माघार घेतली असती तर आपलं ओपनिंगच मोडलं अशी कबुली दिल्यासारखं झालं असतं. चौदाव्या चालीला आनंदचा उंट पुन्हा बी७ वर आला, क्रॅमनिकने पुन्हा प्यादं घेतलं, आणि पंधराव्या चालीला आनंदने वाट बदलली. तिसऱ्या डावात त्याने इथे दुसरा उंट डी६ वर आणला होता, या वेळी हत्ती थेट जी८ वर. एकाच फांदीवर दोन आश्चर्यं ठेवलेली होती आणि मधल्या तीन दिवसांचा अभ्यास चुकीच्या चालीवर झाला होता.

हा डाव तिसऱ्याइतका वादळी नव्हता. अठ्ठावीस चालींपर्यंत तोल साधारण सांभाळला गेला. मग एकोणतिसाव्या चालीला क्रॅमनिकने डी४ वरचं प्यादं घोड्याने मारलं. त्याने लांबवर हिशेब केला होता, पण त्याच्या टोकाची एक चाल सुटली. चौतिसाव्या चालीला आनंदने घोडा ई३ वर सोडला. तो मारल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मारला की काळ्याचं एफ प्यादं ई३ वर येऊन वजीर व्हायला निघतं. पस्तिसाव्या चालीनंतर क्रॅमनिकने डाव सोडला. सहाव्या डावात आनंदने पांढऱ्या मोहऱ्यांनी, निम्झो-इंडियन बचावाविरुद्ध, तिसरा विजय मिळवला आणि गुणफलक ४.५–१.५ झाला. क्रॅमनिकने दहावा डाव जिंकून झुंज दिली, पण २९ ऑक्टोबरला अकरावा डाव बरोबरीत सुटला आणि १२ डावांची लढत ६.५–४.५ अशी एक डाव राखून संपली. त्या शेवटच्या डावात आनंदने पहिली चाल राजापुढच्या प्याद्याची केली, या लढतीत पहिल्यांदाच.

दोन वर्षांनी सोफियात टोपालोव्हविरुद्ध किताब राखताना आनंदने पडद्याआडून ज्यांची मदत घेतली, त्यांत कास्पारॉव्ह होता, नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन होता आणि क्रॅमनिकही होता. तिथला निर्णायक बारावा डाव त्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, तो इमॅन्युएल लास्करच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्यापुराण्या, साध्यासुध्या बचावाने. स्फोटक आश्चर्याची तिथे गरज नव्हती. टोपालोव्ह अशा शांत जागी कंटाळून धोका पत्करेल हा अंदाज पुरला.

मग कार्लसन समोर आला आणि या सगळ्या विद्येला त्याने वेगळंच उत्तर दिलं. प्रतिस्पर्ध्याच्या तयारीशी टक्कर द्यायचीच नाही. सुरुवातीतून मोठा फायदा मिळाला नाही तरी चालेल, खेळण्याजोगी, न मळलेली स्थिती मिळाली की पुढचे पाच-सहा तास समोरच्याला दमवायचं. २०१३ मध्ये चेन्नईत आनंदच्या घरच्या मैदानावर आणि २०१४ मध्ये सोचीत त्याने हेच केलं. सोचीच्या अकराव्या आणि शेवटच्या डावात आनंद काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. त्याने निवडलेला बचाव होता बर्लिन. चांगल्या स्थितीतून त्याने एका हत्तीच्या बदल्यात उंट घेण्याची जोखीम उचलली, ती अंगाशी आली आणि लढत तिथेच संपली.

संगणक अधिक बलवान होत गेले तशी घरची तयारी अधिक लांब होत गेली. वीस-पंचवीस चाली तोंडपाठ खेळून मग पहिला स्वतंत्र विचार, असे डाव आता सर्रास दिसतात. यावरचा उपाय माजी विश्वविजेत्या बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्यूनस आयर्समध्ये जाहीर केला होता: मागच्या ओळीतल्या मोहऱ्यांची जागा दर डावाला चिठ्ठीने ठरवायची. दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये, एवढे नियम पाळले तर ९६० मांडण्या होतात. २०१९ मध्ये फिडेने या प्रकाराची अधिकृत जागतिक स्पर्धा घेतली, ती वेस्ली सो याने अंतिम फेरीत कार्लसनला हरवून जिंकली. आता ‘फ्रीस्टाइल’ या नावाने या प्रकाराच्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा होतात आणि कार्लसन त्यांचा खंदा पुरस्कर्ता आहे. मांडणी डावाच्या थोडा वेळ आधी कळते, त्यामुळे सेकंडांची फौज तिथे फारशी उपयोगी पडत नाही. या ९६० मांडण्यांना शून्यापासून क्रमांक दिलेले आहेत. त्यातली ५१८ क्रमांकाची मांडणी म्हणजे नेहमीचा पट, ज्यावर रुबिनस्टाइन मेरानला आणि आनंद बॉनला खेळला.